एकामागून एक: सर्व्हरवरून लूपमध्ये वेब रिक्वेस्ट पाठवताना

काम साधे दिसते. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एखाद्या संत्रा अडत्याकडे १,२०० उत्पादकांची यादी आहे: नाव, गाव, तालुका, मोबाइल. त्यातल्या प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश मिळवायचे, त्यावरून हवामानाचा अंदाज आणायचा आणि तोडणीच्या दिवसांत सगळ्यांना मेसेज पाठवायचा. म्हणजे यादीवर लूप फिरवायचा आणि प्रत्येक फेरीत एक वेब रिक्वेस्ट करायची. लूप दहा मिनिटांत लिहून होतो. पण १८० व्या गावावर तो अडकला, की १७९ गावांचे काय झाले हे सांगता आले पाहिजे. सगळे खरे काम तिथेच आहे, म्हणून या लेखात लूपपेक्षा त्याच्या नोंदवहीबद्दल (कुठल्या गावाचे काय झाले याची फाइलमधली नोंद) जास्त लिहिले आहे.

आधी यादी स्वच्छ करा. १,२०० उत्पादक म्हणजे १,२०० गावे नव्हेत. कोंढाळीचे चाळीस शेतकरी असतील तर कोंढाळी एकदाच विचारायची. गाव आणि तालुका ही जोडी धरून वेगळी यादी काढा. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा छाटा आणि ‘मोहपा’ व ‘मोहपा ’ या दोन नोंदी एक करा. समजा ३१० गावे उरली. रिक्वेस्ट जवळजवळ चौपटीने कमी झाल्या, आणि एवढा फायदा पुढच्या कुठल्याच युक्तीत मिळत नाही.

क्रमानेच का पाठवायच्या? कधी समोरच्या सेवेचा नियम तसा असतो. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनॅटिम ही गाव शोधण्याची सार्वजनिक सेवा फुकट आहे, पण तिच्या अटी स्पष्ट आहेत: सेकंदाला जास्तीत जास्त एक रिक्वेस्ट, एकाच मशीनवरून, एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये), यूजर-एजंट हेडरमध्ये आपल्या ॲप्लिकेशनची ओळख, मिळालेले उत्तर आपल्याकडे साठवायचे, तेच तेच पुन्हा विचारायचे नाही. निकाल लोकांना दाखवाल तिथे ओपनस्ट्रीटमॅपचा उल्लेखही करावा लागतो. ही सेवा देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते, म्हणून हे नियम मनापासून पाळा. एकदाच लागणाऱ्या तीनशे गावांना ती ठीक आहे. रोज हजारो पत्ते शोधायचे असतील तर पैसे देऊन सेवा घ्या किंवा नॉमिनॅटिम स्वतःच्या सर्व्हरवर बसवा.

कधी क्रम कामातच असतो. शंभर-शंभर नोंदींची पाने देणाऱ्या सेवेत पुढच्या पानाचा टोकन (खुणेचा मजकूर) आधीच्या उत्तरातच येतो, त्यामुळे दुसरा मार्गच नसतो. असा लूप लिहिताना पानांची कमाल मर्यादा घाला, आणि तोच टोकन दुसऱ्यांदा आला तर थांबा. समोरच्याच्या चुकीने शेवटचे पान स्वतःचाच टोकन देत राहिले तर तुमचा लूप सकाळपर्यंत फिरत राहील.

आता लूप. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांची पहिली चूक जवळजवळ ठरलेली असते: यादीवर फॉरईच लावायचा आणि आतल्या फंक्शनला असिंक करून त्यात अवेट लिहायचे. वाचताना ते अगदी क्रमाने चालेल असे वाटते. पण फॉरईच आतल्या फंक्शनने परत दिलेल्या प्रॉमिसकडे (उत्तर नंतर येईल या वचनाकडे) पाहतच नाही. ते ३१० वेळा फंक्शन बोलावते आणि मोकळे होते. एका क्षणात ३१० रिक्वेस्ट बाहेर पडतात. लॉगमध्ये ‘सगळे झाले’ ही ओळ सर्वांत आधी उमटते आणि उत्तरे नंतर वाटेल त्या क्रमाने येतात. त्यातली एखादी फसली आणि ती चूक आतच पकडलेली नसली तर नोड १५ पासून पुढे अख्खी प्रक्रियाच बंद पडते. मॅप आणि प्रॉमिस-ऑल या जोडीत शेवटी थांबता येते, पण रिक्वेस्ट तिथेही एकदमच सुटतात. क्रम हवा असेल तर असिंक फंक्शनच्या आत साधा फॉर-ऑफ लूप घ्या आणि त्यात अवेट लिहा. पायथनमधली नेहमीची रिक्वेस्ट्स लायब्ररी आणि पीएचपीतले कर्ल यांत हा प्रश्न येत नाही, कारण उत्तर येईपर्यंत ती ओळच पुढे सरकत नाही.

लूपचा सांगाडा असा असतो:

नोंदवहीतून ‘बाकी’ गावे वाचा
सलग चुका = ०
प्रत्येक गावासाठी, एकेक करून:
— सुरुवात = आत्ताची वेळ
— रिक्वेस्ट पाठवा, मुदत १० सेकंद, उत्तर येईपर्यंत थांबा
— उत्तर बरोबर: अक्षांश, रेखांश आणि ‘झाले’ लिहा; सलग चुका = ०
— उत्तर रिकामे: ‘सापडले नाही’ लिहा; सलग चुका = ०
— चूक (पुन्हा प्रयत्न करूनही): चुकीचा क्रमांक आणि ‘अपयशी’ लिहा, सलग चुकांत एक वाढवा
— सलग चुका ५ झाल्या: लूप बंद करा
— उरलेला वेळ = १.१ सेकंद वजा (आत्ताची वेळ वजा सुरुवात)
— उरलेला वेळ शून्याहून जास्त असेल तर तेवढे थांबा

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. बरेच जण प्रत्येक फेरीअखेर सरसकट एक सेकंद झोपतात. उत्तराला ०.४ सेकंद लागत असतील तर फेरी १.४ सेकंदांची होते. नियम दोन रिक्वेस्टच्या सुरुवातींमधल्या अंतराचा आहे, म्हणून गेलेला वेळ वजा करून उरलेलाच थांबा. एकऐवजी १.१ सेकंद धरायचे, कारण नेटवर्कच्या वाटेत एक रिक्वेस्ट रेंगाळली आणि पुढची लगेच पोहोचली तर समोरच्याला ते अंतर सेकंदापेक्षा कमी दिसते. या हिशेबाने ३१० गावांना ३४१ सेकंद, म्हणजे पावणेसहा मिनिटांच्या आत काम होते. यादी स्वच्छ न करता १,२०० ओळींवर लूप फिरवला असता तर २२ मिनिटे लागली असती.

गावाचे नाव थेट यूआरएलमध्ये चिकटवू नका. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘काटोल’ मध्ये क, काना, ट, ओकार आणि ल अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट, म्हणजे यूआरएलमध्ये ४५ अक्षरे. हे हाताने करायचे काम नाही. नोडमध्ये यूआरएलसर्चपॅरॅम्स, पायथनमध्ये पॅरॅम्स, पीएचपीत एचटीटीपी-बिल्ड-क्वेरी वापरा. नाव आधीच एन्कोड करून पुन्हा यांच्या हाती दिले तर टक्क्याच्या चिन्हाचेही एन्कोडिंग होते आणि एकही गाव सापडत नाही. सगळीच उत्तरे रिकामी येत असतील तर पहिला संशय इथे घ्या.

नुसते ‘खापा’ विचारू नका. या नावाची गावे विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशातही आहेत. ‘खापा, सावनेर, नागपूर, महाराष्ट्र’ असे पूर्ण विचारा, देश भारतापुरता मर्यादित करा आणि निकाल एकच मागा. आलेले आकडे मजकूर म्हणून येतात, त्यांचे संख्येत रूपांतर करा आणि ते जिल्ह्याच्या चौकटीत बसतात का ते तपासा. नागपूर जिल्ह्यासाठी अक्षांश २०.५ ते २१.८ आणि रेखांश ७८.२ ते ७९.७ एवढी चौकट पुरते. बाहेरचा आकडा आला तर ‘तपासा’ अशी खूण करून ठेवा. चुकीचे गाव मुकाट्याने ‘झाले’ म्हणून बसले, तर जलालखेड्याच्या शेतकऱ्याला भलत्याच जिल्ह्याच्या पावसाचा अंदाज जाईल आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

उत्तर आले म्हणजे काम झाले असे नाही. नोडमधले फेच हे रिक्वेस्ट पाठवणारे फंक्शन ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आले तरी चूक फेकत नाही. नेटवर्क तुटले किंवा मुदत संपली तरच फेकते. म्हणून ओके हा गुणधर्म किंवा स्टेटस क्रमांक प्रत्येक वेळी पाहायचा. पायथनच्या रिक्वेस्ट्सचेही तसेच आहे, तिथे रेझ-फॉर-स्टेटस स्वतः बोलवावे लागते. आणि गाव सापडले नाही तर नॉमिनॅटिम २०० हाच स्टेटस देते, यादी मात्र रिकामी असते. त्या रिकाम्या यादीतला पहिला घटक उचलायला गेलात की लूप पडतो.

मुदत लिहायला विसरू नका. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउट दिला नाही तर ते कितीही वेळ वाट पाहत राहते. नोडच्या ॲक्सिऑस लायब्ररीत न दिलेल्या टाइमआउटचा अर्थ शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. क्रमाने चालणाऱ्या लूपला हे फार महागात पडते, कारण एक रिक्वेस्ट अडकली की मागची सगळी रांग उभी राहते आणि लॉगमध्ये चुकीची एक ओळही नसते. नोडच्या फेचला ॲबॉर्टसिग्नल-टाइमआउट द्या. दहा सेकंद बहुतेक कामांना पुरतात.

फसलेली रिक्वेस्ट पुन्हा करायची का, हे स्टेटसवर ठरते. ४०८, ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या), ५००, ५०२, ५०३, ५०४ आणि तुटलेले नेटवर्क यांत पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ४०० आणि ४०४ कितीदाही केले तरी तेच येणार, म्हणून नोंद करा आणि पुढच्या गावाकडे वळा. ४०१ किंवा ४०३ आले तर लूपच थांबवा. किल्ली चुकली आहे किंवा समोरच्याने तुम्हाला अडवले आहे. त्या दारावर आणखी तीनशे वेळा थाप मारली तर अडवणूक जास्तच पक्की होते. दोन प्रयत्नांमध्ये २, मग ४, मग ८ सेकंद थांबा आणि प्रत्येक थांब्यात अर्ध्या सेकंदापर्यंतची यादृच्छिक भर घाला, म्हणजे एकाच वेळी फसलेले अनेक प्रोग्रॅम पुन्हा एकाच क्षणी धडकत नाहीत. ४२९ बरोबर रिट्राय-आफ्टर हेडर आला तर तुमचा हिशेब बाजूला ठेवून त्याचे ऐका. त्यात कधी सेकंदांचा आकडा असतो, कधी पूर्ण तारीख-वेळ. दोन्ही वाचता आले पाहिजे. तो आकडा पाच मिनिटांहून मोठा असेल तर झोपून राहू नका. नोंद करून प्रोग्रॅम बंद करा, पुढच्या खेपेला तो तिथूनच सुरू होईल.

सलग पाच चुकांची अट फुकटची वाटू शकते, तेव्हा हिशेब करू. समोरचा सर्व्हर पूर्ण बंद आहे. प्रत्येक गावाला चार प्रयत्न, प्रत्येकी दहा सेकंदांची मुदत, मधले थांबे २, ४ आणि ८: एका गावाला ५४ सेकंद. ३१० गावांना १६,७४० सेकंद, म्हणजे साडेचार तासांहून जास्त, आणि हाती काहीच नाही. पाच सलग चुकांवर थांबलात तर हेच साडेचार मिनिटांत कळते.

एवढा वेळ चालणारा लूप वेबपानाच्या रिक्वेस्टमध्ये बसवू नका. पानावर ‘गावे शोधा’ असे बटण आहे, ते दाबले की सर्व्हर लूप सुरू करतो आणि ब्राउझर वाट पाहतो, अशी मांडणी पाच गावांच्या चाचणीत छान चालते. पूर्ण यादीवर एन्जिनक्स (पुढे बसलेला वेब सर्व्हर) ६० सेकंदांनी हात वर करतो आणि ५०४ दाखवतो, कारण मागच्या प्रोग्रॅमच्या उत्तरासाठी त्याची मूळ मुदत तेवढीच आहे. पायथनचा सर्व्हर जीयुनिकॉर्न, त्याची ३० सेकंद आहे. पीएचपीत तर आणखी एक गोंधळ होतो. कमाल वेळ ३० सेकंद लिहिलेला असतो, पण लिनक्सवर नेटवर्कची वाट पाहण्यात आणि झोपण्यात गेलेला वेळ त्यात मोजला जात नाही, विंडोजवर मोजला जातो. त्यामुळे ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर लूप ३० सेकंदांनी मरतो आणि लिनक्स सर्व्हरवर तोच ६० सेकंदांनी ५०४ देतो. माणूस दोन वेगळे दोष शोधत बसतो. आणि ५०४ दिसला तरी मागचा लूप थांबलेला असेलच असे नाही. पान रिफ्रेश करून बटण पुन्हा दाबले की दोन लूप समांतर धावू लागतात.

बटणाने फक्त ‘काम नोंदवले’ एवढी एक ओळ टेबलात लिहावी आणि लगेच उत्तर द्यावे. लूप वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवा आणि तो क्रॉनने किंवा सिस्टमडीने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लिनक्सच्या सोयी) चालवा. क्रॉनच्या ओळीत फ्लॉक (कुलूप लावणारी आज्ञा) लावा, म्हणजे पहिली खेप संपायच्या आत दुसरी सुरू होणार नाही. वेळ पूर्ण तासाची नको. रात्री दोन वाजता जगातले अर्धे क्रॉन जागे होतात, म्हणून २:१७ घ्या. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतात. आपले २:१७ तिथे आदल्या दिवशीचे २०:४७ असतात. आठवड्याचा वार ठरवून काम लावले असेल तर वारही एकाने मागे घ्यावा लागतो, हे हमखास राहून जाते.

हातानेच चालवायचे असेल तर टीमक्समध्ये चालवा. धरमपेठेतल्या ऑफिसातून दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने जोडलेले असताना पावसाने ब्रॉडबँड गेले की टर्मिनल तुटते आणि त्यातला लूपही जातो. टीमक्समध्ये तो सर्व्हरवर चालू राहतो. सर्व्हर ऑफिसातच असेल तर लाइट जाण्याचा प्रश्न आहेच, आणि मग पुन्हा नोंदवहीवर यावे लागते.

नोंदवहीसाठी मोठा डेटाबेस लागत नाही. एसक्यूलाइटची एक फाइल पुरते. गाव, तालुका, स्थिती, अक्षांश, रेखांश, प्रयत्न, शेवटचा स्टेटस, शेवटची वेळ एवढे रकाने हवेत. गाव आणि तालुका या जोडीवर युनिक अट घाला. प्रत्येक फेरी संपली की तेव्हाच लिहायचे. सगळी उत्तरे मेमरीतल्या यादीत जमवून शेवटी एकदम फाइल लिहिणे हा सर्वांत महागडा आळस आहे: ३०९ व्या गावावर लाइट गेली तर ३०८ उत्तरे गेली आणि समोरच्या सेवेला तेच सगळे पुन्हा विचारावे लागले.

मेसेज पाठवण्याचा लूप दिसायला असाच, पण धोका वेगळा. गाव दोनदा विचारले तर फार तर एक रिक्वेस्ट वाया जाते. मेसेज दोनदा गेला तर शेतकऱ्याला दोनदा जातो आणि बिल दोनदा लागते. मुदत संपली याचा अर्थ मेसेज गेला नाही असा होत नाही. तो गेला आणि फक्त पोच आली नाही, असेही असते. म्हणून इथे टाइमआउटनंतर आपोआप पुन्हा पाठवू नका. रिक्वेस्टच्या आधी त्या ओळीत ‘पाठवतोय’ लिहा, पोच आल्यावर ‘झाले’ लिहा. प्रोग्रॅम मध्येच पडला तर ‘पाठवतोय’ वर अडकलेली ओळ फार तर एक असेल, आणि ती सेवेच्या डॅशबोर्डवर पाहून हाताने ठरवता येते. क्रमाने पाठवण्याचा हा फार मोठा फायदा आहे. पन्नास एकदम पाठवत असाल तर अशा ओळी पन्नासपर्यंत असू शकतात.

काही सेवा, विशेषतः पैशांच्या, आयडेम्पोटन्सी की घेतात: तीच की पुन्हा आली तर काम दुसऱ्यांदा होत नाही, जुनेच उत्तर परत मिळते. ही की पहिल्या प्रयत्नाच्या आधी बनवून नोंदवहीत लिहायची आणि प्रत्येक प्रयत्नाला तीच द्यायची. रिट्रायच्या आत नवी की बनवली तर ती असून नसल्यासारखीच.

मराठी एसएमएसचा खर्च आधी मोजा. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांपर्यंत एक धरला जातो, देवनागरी ७० पर्यंतच. त्यापुढे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ बसतात. मोजणी चिन्हांची असते: ‘संत्रा’ हा शब्द दिसतो दोन अक्षरांचा, पण स, अनुस्वार, त, हलन्त, र, काना मिळून तो सहा भरतो. ७१ व्या चिन्हाला १,२०० मेसेजचे २,४०० होतात. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे मेसेजचा साचा आणि पाठवणाऱ्याचे नाव डीएलटीवर (मेसेज नोंदणीच्या व्यवस्थेत) आधी नोंदवलेले हवे. साच्यात नसलेले एखादे चिन्हही मेसेज अडवू शकते, म्हणून सुरुवातीला एकाच नंबरवर, स्वतःच्या, पाठवून पाहा.

वेगाचे दोन शब्द. प्रत्येक फेरीत नवे कनेक्शन उघडू नका. टीसीपीची एक फेरी आणि टीएलएस १.३ ची एक, अशा दोन जादा फेऱ्या दर वेळी लागतात, टीएलएस १.२ असेल तर तीन. पायथनमध्ये सेशन एकदाच, लूपच्या बाहेर बनवा. पीएचपीत कर्लचा हँडल बाहेर उघडा आणि तोच वापरा. नोड १९ पासून कनेक्शन आपोआप उघडे ठेवले जाते, पण उत्तराचा मजकूर पूर्ण वाचा, नुसता स्टेटस पाहून सोडला तर ते कनेक्शन मोकळे होत नाही. समांतर पाठवण्याचा मोह मात्र आवरा. जिल्ह्याच्या १४ तालुक्यांचे हवामान क्रमाने आणायला प्रत्येकी ०.४ सेकंदाने ५.६ सेकंद लागतात. मध्यरात्रीच्या कामात त्यातले चार सेकंद वाचवून कुणाचेही भले होत नाही, आणि चुका शोधणे मात्र अवघड होते.

पूर्ण यादीवर सोडण्याआधी ही चाचणी करा. पाच गावे घ्या: काटोल, मोवाड, धापेवाडा, पाटणसावंगी, आणि मुद्दाम एक न सापडणारे बनावट नाव. लूप चालवा. नोंदवहीत चार ‘झाले’ अपेक्षित आहेत आणि एक ‘सापडले नाही’. कुठे ‘तपासा’ आले तर ते गाव नकाशावर पाहून घ्या. मग वीस गावांची नवी यादी द्या, लूप सुरू करा आणि आठवे गाव लॉगमध्ये दिसले की प्रक्रिया मारा. कंट्रोल-सी नको, किल-९ ने, म्हणजे तिला आवरासावर करायला वेळ मिळत नाही आणि लाइट जाण्याशी ते जास्त जुळते. पुन्हा चालवा. लॉगची पहिली ओळ आठव्या किंवा नवव्या गावाची असली पाहिजे. पहिल्या गावाची दिसली तर नोंद फेरीगणिक लिहिली जात नाही. बहुधा ट्रान्झॅक्शन लूपच्या बाहेर उघडलेले आहे आणि कमिट (पक्की नोंद) शेवटी एकदाच होते आहे. ते आत घ्या आणि हीच चाचणी पुन्हा करा.